अटी लागू : भौतिकशास्त्रातली एकसूत्री तत्त्वं आणि त्यांच्याविषयीचे गैरसमज

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात क्लासिकल मेकॅनिक्सचा पेपर येतो, आणि तोवर सुटं सुटं शिकलेलं भौतिकशास्त्र आता एका दोऱ्यात ओवायचं आहे असं विद्यार्थ्याच्या कानावर पडतं. उतारावरून घसरणारा ठोकळा, लंबक, ग्रहांच्या कक्षा, काचेत शिरताना वाकणारा प्रकाश, या सगळ्यांच्या मुळाशी म्हणे एकच तत्त्व आहे. हे ऐकून वर्गातले काही जण भारावतात. एकच समीकरण आलं की सगळं आलं, बाकीचे पेपर म्हणजे नुसती आकडेमोड, असं त्यांना वाटू लागतं. बाकीचे वैतागतात. न्यूटनने सरळ सांगितलेलं इतक्या आडवळणाने कशाला सांगायचं, लॅग्रांजियन लिहा, समीकरण मांडा, मार्क घ्या, असा त्यांचा व्यवहारी पवित्रा असतो. दोघांची चूक मात्र एकाच जागी होते. तत्त्वाचं ठळक वाक्य दोघांनीही ऐकलेलं असतं, त्याच्याखालच्या अटी कोणीच वाचलेल्या नसतात. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ असं छापलेलं असतं, तसाच हा प्रकार. जाहिरातीतल्या अटी गिऱ्हाइकाला गंडवण्यासाठी असतात, इथे मात्र तत्त्वाचा सगळा ऐवज अटींमध्येच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते पटवायला प्रचलित गैरसमजांइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

सुरुवात ‘किमान क्रिये’च्या तत्त्वापासून करू, कारण सर्वांत जास्त धुकं तिथे आहे. क्रिया म्हणजे गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची आणि त्या फरकाची (इथे त्यालाच लॅग्रांजियन म्हणतात) प्रवासाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बेरीज करायची. एक किलोचा गोळा सरळ वर फेकला आणि तो बरोबर २ सेकंदांनी हातात परत आला असं धरा. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० घेऊ. हा गोळा ५ मीटर उंच जातो, हे दहावीचं गणित. आता मनातल्या मनात त्याला दुसऱ्या वाटांनी नेऊन बघा. वेळ तेवढाच, निघायची आणि परतायची जागा तीच, वाटेचा आकारही पॅराबोलाच, फक्त माथ्याची उंची वेगळी. ५ मीटरच्या खऱ्या वाटेवर क्रिया येते उणे ३३.३३ जूल-सेकंद. उंची ४ मीटर धरली तर उणे ३२, ६ मीटर धरली तरी उणे ३२. गोळा हातातच राहिला असता तर शून्य, आणि १० मीटरला जाऊन आला असता तरी शून्यच. खरी वाट तळाशी आहे, दोन्ही बाजूंना चढ आहे. पण यातली खरी गंमत तळात नसून तळाच्या सपाटपणात आहे. खऱ्या वाटेपासून उंची १ मीटरने हलवली की क्रियेत १.३३ चा फरक पडतो, आणि १० सेंटिमीटरने हलवली की फक्त ०.०१३३ चा. हलवणं दहापट लहान केलं, फरक शंभरपट लहान झाला. इतर कोणत्याही उंचीपासून सुरुवात करून हाच प्रयोग केला तर असं होत नाही, तिथे दहापट लहान बदलाला फरकही साधारण दहापटच लहान होतो. तत्त्वाला खरी वाट ओळखू येते ती या खुणेवरून.

मग ‘किमान’ हा शब्द कुठून आला? इतिहासातून. आणि तो दिशाभूल करतो. १० सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार आरसा घ्या. व्यासाच्या एका टोकाकडून प्रकाश निघून आरशावर एकदा आदळून दुसऱ्या टोकाला पोचायचा आहे. परावर्तनाच्या नियमाप्रमाणे तो आरशाच्या बरोबर मध्यावर आदळतो. त्या वाटेची लांबी २८.३ सेंटिमीटर भरते. आरशाच्या कडेजवळ आदळून जायच्या वाटा २० सेंटिमीटरच्या आसपास आहेत. म्हणजे त्या वर्तुळाच्या प्रतलात, एकदाच परावर्तन होणाऱ्या वाटांपैकी प्रकाशाने चक्क सर्वांत लांबची निवडली! वेळ वाचवणारा, काटकसरी निसर्ग इथे दिसत नाही. दिसतो तो तोच सपाटपणा, फक्त या वेळी टेकडीच्या माथ्यावरचा. यामिकीतही तेच. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची वाट अर्ध्या आवर्तनकाळापर्यंतच किमान क्रियेची असते, त्याहून जास्त काळ घेतला की ती किमान राहत नाही. लांदाऊ आणि लिफ्शिट्झ यांचं यामिकीवरचं प्रसिद्ध पुस्तक न्यूटनला बाजूला ठेवून थेट या तत्त्वाने सुरू होतं, आणि तिथेच तळटीपेत त्यांनी नोंदवलं आहे की या स्वरूपातलं तत्त्व संपूर्ण वाटेला लागू असेलच असं नाही, वाटेच्या पुरेशा लहान तुकड्याला मात्र लागू असतं. परीक्षेच्या घाईत जी सर्वांत आधी वगळली जाते, अशी ही तळटीप आहे.

‘किमान’ या शब्दामागे आणखी एक गैरसमज दडलेला आहे, आणि तो नुसता विद्यार्थ्यांचा नाही. गोळ्याला आधीच कसं कळतं की कुठे पोचायचंय आणि कोणती वाट योग्य आहे? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्रकाश कमीत कमी वेळाची वाट धरतो असं फर्मा यांनी १६६२ मध्ये मांडलं, तेव्हा देकार्तचे अनुयायी क्लेर्सेलिए यांनी त्याच वर्षी हाच आक्षेप घेतला होता की निसर्गाला पुढचं ठाऊक नसतं. उलट मोपेर्ट्युई यांना १८व्या शतकात किमान क्रियेच्या तत्त्वात विधात्याच्या शहाणपणाचा पुरावा दिसला, आणि त्यावरून व्हॉल्तेअरने त्यांची यथेच्छ टिंगल केली. आक्षेपाचं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी गणिताची. संपूर्ण वाटेची क्रिया सपाट जागी असेल तर वाटेच्या प्रत्येक इवल्या तुकड्याचीही तशीच असावी लागते, आणि इवल्या तुकड्यापुरती ती अट लिहिली की हातात पडतो न्यूटनचा दुसरा नियम. पुढचं जाणायची गरजच उरत नाही. ऑयलर आणि लॅग्रांज यांनी हा पूल बांधला. लॅग्रांज यांचा १७८८ चा यामिकीवरचा ग्रंथ तर एकाही आकृतीशिवाय लिहिलेला आहे, इतका त्यांचा बीजगणितावर भरवसा. दुसरी पायरी पुंजयामिकीची. फाइनमन यांच्या मांडणीत कण सगळ्याच वाटांनी जातो असं धरून हिशेब करायचा, आणि प्रत्येक वाटेचं योगदान त्या वाटेच्या क्रियेप्रमाणे घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. आपल्या गोळ्याच्या ४ आणि ५ मीटरच्या वाटांमधला १.३३ चा फरक किरकोळ वाटतो, पण प्लांकच्या स्थिरांकाच्या मापाने पाहिलं तर काटा एकावर चौतीस शून्यं इतक्या रेडियनने फिरलेला असतो. शेजारशेजारच्या वाटांचे काटे भलतीकडेच तोंड करून बसतात आणि एकमेकांना खोडतात. खोडले जात नाहीत ते फक्त सपाट जागेजवळचे. तिथे शेजाऱ्यांचे काटे एका दिशेला राहतात. म्हणून गोळा एका वाटेने जाताना दिसतो. कोणी निवड केलेली नाही, बाकीचं खोडलं गेलं आहे.

वैतागलेल्या विद्यार्थ्याचा मुद्दा मात्र इथे बळकट होतो. शेवटी न्यूटनचाच नियम मिळत असेल तर नवं काय शिकलो? यामिकीपुरतं बोलायचं तर नवा नियम काहीच नाही, आणि हे शिक्षकांनी वर्गात स्पष्ट सांगायला हवं. सोय आहे. तारेत ओवलेल्या मण्यावर तार किती जोर लावते हे शोधत न बसता मण्याची गती मिळते, आणि कोन, अंतर, जे सोयीचं ते चल वापरता येतं. तेवढ्यापुरतं हे हत्यार आहे. पण हत्यार आणि नियम यांतला फरक नीट कळला की तत्त्वाची मोठी अट समोर येते. लॅग्रांजियन कोणतं घ्यायचं हे तत्त्व सांगतच नाही. गतिज वजा स्थितिज हा काही आकाशातून पडलेला आदेश नाही. चुंबकीय क्षेत्रातल्या प्रभारित कणासाठी त्यात वेगावर अवलंबून असलेली वेगळी राशी लागते, आणि प्रकाशाच्या वेगाजवळच्या मुक्त कणाचं लॅग्रांजियन तर गतिज ऊर्जेइतकंही नसतं. तत्त्व हा साचा आहे. त्यात ओतायचं द्रव्य प्रयोगांतून आणि सममितीच्या विचारातून येतं. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये स्टँडर्ड मॉडेलचं लॅग्रांजियन छापलेले कप आणि टी-शर्ट मिळतात, आणि ते पाहून अख्खं विश्व छातीवर मावलं असं वाटू शकतं. त्या समीकरणात कणांची वस्तुमानं, बलांची तीव्रता वगैरे १९ संख्या मोजून भराव्या लागतात, आणि न्यूट्रिनोंना वस्तुमान दिलं की ही संख्या आणखी वाढते. गुरुत्वाकर्षण तर त्या टी-शर्टवर नाहीच.

साचा रिकामा, तर मग त्याचा डौल कशासाठी? याचं सर्वांत चांगलं उत्तर एमी नोटर यांनी १९१८ मध्ये दिलं. गटिंगन विद्यापीठात स्त्री म्हणून त्यांना स्वतःच्या नावाने शिकवायची मुभा नव्हती, त्यांची व्याख्यानं हिल्बर्ट यांच्या नावावर जाहीर होत. आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धांतात ऊर्जेची अक्षय्यता नेमकी कुठे बसते या कोड्याने हिल्बर्ट आणि क्लाइन अडले होते, आणि त्यासाठी त्यांनी नोटरना बोलावलं होतं. त्यांच्या प्रमेयाचा गाभा असा. क्रियेत एखादी सलग सममिती असेल, तर तिच्या जोडीला एक अक्षय राशी असलीच पाहिजे. आजचे नियम आणि उद्याचे नियम तेच असतील तर ऊर्जा अक्षय. इथले नियम आणि तिथले तेच असतील तर संवेग अक्षय. कोणत्याही दिशेला तोंड केलं तरी तेच असतील तर कोनीय संवेग अक्षय. शाळेत ऊर्जा अक्षय्यतेचा नियम स्वयंसिद्ध म्हणून घोकलेला असतो. इथे तो ‘जर’ने सुरू होणाऱ्या वाक्याचा उत्तरार्ध बनतो, आणि हा ‘जर’ पोकळ नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेतून निघालेलं प्रारण आज आकाशभर २.७२५ केल्व्हिनचं आहे, सुटलं तेव्हा ते सुमारे ३००० केल्व्हिनचं होतं. प्रसरणात तरंगलांबी सुमारे ११०० पट ताणली गेली, आणि प्रत्येक फोटॉनची ऊर्जा तितक्याच पटीने घटली. ती गेली कुठे, हा प्रश्न आपण सवयीने विचारतो. पण प्रसरण पावणाऱ्या विश्वात काल आणि आज सारखे नसतात. नोटरच्या प्रमेयातली अटच तिथे पुरी होत नाही. काही जण ती ऊर्जा गुरुत्वाच्या खात्यात टाकून जमाखर्च जुळवतात, पण अख्ख्या विश्वासाठी सर्वमान्य ताळेबंद आजही नाही.

यावर सरळ आक्षेप असा, की अटी असलेलं तत्त्व मग तत्त्व कसलं? अडचण आली की अट पुढे करायची आणि सुटायचं! इतिहास मात्र वेगळं सांगतो. बीटा क्षयात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला ठरावीक आकडा नाही, ती सलग पसरलेली आहे, हे चॅडविक यांनी १९१४ मध्ये दाखवलं. हिशेबात ऊर्जा कमी पडत होती. नील्स बोर यांच्यासारखा माणूस तिथे ऊर्जेची अक्षय्यता सोडून द्यायला तयार झाला. पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये एका पत्रातून दुसरा मार्ग सुचवला, की न दिसणारा एक हलका कण ऊर्जा घेऊन पळतो आहे. अणुकेंद्राच्या बाबतीत आजचे आणि उद्याचे नियम वेगळे आहेत असं मानायला कारण नव्हतं, म्हणजे अट अभंग होती. तो न्यूट्रिनो १९५६ मध्ये राइन्स आणि कोवन यांना प्रत्यक्ष सापडला. आता याच कथेची दुसरी बाजू पाहा. आरशातलं जग आणि खरं जग एकाच नियमांनी चालतं, ही सममितीही भौतिकशास्त्रज्ञांना तितकीच पवित्र वाटत होती. ली आणि यांग यांनी १९५६ मध्ये दाखवून दिलं की क्षीण बलाच्या बाबतीत हे कोणी तपासलेलंच नाही. चिएन-शिउंग वू यांनी अतिथंड कोबाल्ट-६० वर ते तपासलं, आणि सममिती मोडली. निकाल येईपर्यंत पाउलींचा यावर विश्वास नव्हता. तोच माणूस, तत्त्वावर तितकाच भरवसा, एकदा बरोबर आणि एकदा चूक! तत्त्व देखणं आहे म्हणून खरं ठरत नाही. पण ते आपल्या अटी उघड्यावर मांडतं म्हणून नेमकं काय तपासायचं हे कळतं, आणि पळवाटेत ही सोय नसते.

‘एकीकरण’ हा शब्दही असाच सैल वापरला जातो. दोन गोष्टींची समीकरणं सारखी दिसली की एकीकरण झालं, असा एक समज असतो. स्प्रिंगवरचं वजन आणि कॉइल-कपॅसिटरचं सर्किट यांचं समीकरण अक्षर न् अक्षर सारखं आहे, म्हणून वजन आणि विद्युतप्रभार एक होत नाहीत. ते साधर्म्य. मॅक्सवेल यांनी केलं ते वेगळं. वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये केवळ वीज आणि चुंबकत्वाच्या प्रयोगांतून, प्रकाशाचा एक किरणही न वापरता, एक संख्या मोजली होती. ती वेगाच्या एककात सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर येत होती. फिझो यांनी १८४९ मध्ये दातेरी चक्रातून प्रकाश पाठवून त्याचा वेग मोजला होता, तो सुमारे ३ लाख १५ हजार. दोन्ही मोजमापं आजच्या २,९९,७९२ पेक्षा तीन ते पाच टक्क्यांनी जास्त, पण एकमेकांच्या इतकी जवळ, की हा योगायोग नव्हे, प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर आहे, असं मॅक्सवेल यांना म्हणता आलं. वेगळ्या दालनात मोजलेल्या दोन संख्या एकच निघणं, ही एकीकरणाची कसोटी. १९७९ चं नोबेल मिळालेलं ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांचं काम या कसोटीला उतरलं. त्यांच्या सिद्धांताने सांगितलेले डब्ल्यू आणि झेड हे जड कण १९८३ मध्ये सर्नमध्ये सांगितलेल्या वस्तुमानांजवळच सापडले. तरीही विद्युतचुंबकीय आणि क्षीण बल तिथे पूर्ण एकजीव झालेले नाहीत. दोन स्वतंत्र तीव्रता शिल्लक राहतात, आणि त्यांचं मिश्रण किती हे मोजावं लागतं. पुस्तकं ‘एकीकरण झालं’ असं लिहून पुढे जातात, हा तपशील मागे राहतो.

त्यापुढचं पाऊल १९७४ मध्ये पडलं. जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी तीव्र बलही त्याच चौकटीत बसवलं. रचना इतकी सुबक, की ती खोटी असावी असं कोणाला वाटेना. पण तिलाही अट होती. प्रोटॉन अमर नसेल, कधी तरी फुटेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, लोखंडी पत्रे आणि शोधक नळ्यांचे थर रचून प्रोटॉन फुटण्याची वाट पाहिली. त्यांना काही संशयास्पद नोंदी मिळाल्या, जगभर चर्चाही झाली, पण अमेरिका आणि जपानमधल्या मोठ्या शोधकांनी त्याला दुजोरा दिला नाही. आज जपानच्या सुपर-कामिओकांडे या शोधकामुळे माहीत आहे की प्रोटॉनचं आयुष्य, त्या सिद्धांताला अपेक्षित असलेल्या मार्गाने फुटायचं तर, एकावर चौतीस शून्यं इतक्या वर्षांहून जास्त असलं पाहिजे. मूळ सुबक रचना त्यात बसत नाही. हे अपयश शिकवताना चटकन गुंडाळलं जातं. खरं तर पूर्ण तासभर त्यावर घालवावा अशी ही गोष्ट आहे.

भारावलेल्या विद्यार्थ्याचा हिशेब अजून बाकी आहे. मूळ नियम कळला की बाकीचं केवळ गणित, हा त्याचा समज. फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्ये ‘सायन्स’मधल्या छोट्या लेखात त्याचा समाचार घेतला. नियमांपर्यंत खाली उतरता येतं म्हणून त्यांवरून पुन्हा वर चढता येतंच असं नाही, असा त्यांचा मुद्दा. अतिवाहकता १९११ मध्ये सापडली. त्यासाठी लागणारी पुंजयामिकी १९२६ च्या सुमारास हातात होती, तरी स्पष्टीकरणाला १९५७ उजाडावं लागलं, कारण अब्जावधी इलेक्ट्रॉन मिळून काय करतील हे एका इलेक्ट्रॉनच्या समीकरणाकडे टक लावून दिसत नाही. आणि हे स्पष्टीकरण पुढे उलट्या दिशेने गेलं. अतिवाहकांतली सममिती मोडण्याची कल्पना नाम्बू आणि अँडरसन यांच्यामार्फत कणभौतिकीत पोचली, आणि १९६४ मध्ये हिग्ज आणि इतरांच्या हातात पडली. सॉलिड स्टेटचा पेपर दुय्यम मानणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. घर्षणाचंही तसंच. लॅग्रांजियनच्या नेहमीच्या साच्यात घर्षण बसत नाही. त्यासाठी वेगळी राशी चिकटवावी लागते, किंवा अणूंच्या झुंडीपर्यंत उतरून एंट्रॉपीची भाषा बोलावी लागते. ती भाषाही एकसूत्रीच आहे, फक्त तिच्या अटी वेगळ्या आहेत.

अटींचा हा अभ्यास करायचा कसा, याला गोल्डस्टीन यांच्या १९५० पासून चालत आलेल्या पुस्तकात, किंवा पुण्यातल्या राणा आणि जोग यांच्या पुस्तकात, पुरेसं खाद्य आहे. एकच गणित उदाहरणादाखल घेतो. उभं ठेवलेलं तारेचं कडं मोटर ठरलेल्या वेगाने फिरवते आहे, आणि कड्यात ओवलेला मणी तारेवरून सरकतो आहे. घर्षण नाही. ऊर्जा अक्षय राहील का? लॅग्रांजियन लिहिलं की त्यात वेळ उघडपणे कुठेच येत नाही, म्हणून बरेच जण बेधडक ‘हो’ लिहितात. नोटरचं प्रमेय एक अक्षय राशी देतं, हे खरंच आहे. पण ती राशी मांडून बघा. कड्याच्या फिरण्यामुळे येणारी गतिज ऊर्जा तिच्यात उणे चिन्हाने येते, आणि गतिज अधिक स्थितिज ही बेरीज तर मणी वर-खाली सरकेल तशी बदलत राहते. वेग कायम ठेवायला मोटर कधी ऊर्जा ओतते, कधी काढून घेते. ‘हो’ लिहिणाऱ्याला अर्धे मार्क द्यायचे की शून्य, यावर परीक्षकांचंही एकमत होणार नाही.